उकंडा पेंटरची पिशवी

१९ मार्च २००६

ही डायरी बियाणं कंपनीने यांना भेट दिली. हे म्हणजे माझे नवरे, उकंडा पेंटर. बोरी अरबपासून दारव्ह्यापर्यंत रस्त्याकडेच्या भिंतींवर कपाशीची जी टपोरी बोंडं दिसतात, ती यांच्या हातची. गेल्या दोन-तीन वर्षांत खऱ्या शेतात तशी बोंडं कुणी पाहिली नाहीत, हा भाग वेगळा. यांना लिहिण्याचा कंटाळा (फूटभर अक्षरं सोडून), म्हणून डायरी माझ्याकडे आली. मी दहावी शिकलेली आहे आणि कोरं पान वाया गेलेलं मला पाहवत नाही.

लिहिण्यासारखं काय आहे? मी शीला, घरी शिलाई मशीन चालवते. मुलगी रुपाली यवतमाळला कॉलेजात आहे. यांचं नाव उकंडा पडलं कारण आधीची दोन लेकरं गेली होती, म्हणून सासूबाईंनी यांना जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून परत उचललं. रुपाली म्हणते, बाबा, नाव बदला. हे म्हणतात, बोर्ड रंगवून झाला, आता कुठं खोडू.

पण एक खरं सांगते, इथं कोण वाचतंय. भिंतीवर दोरी न मारता, खडूची रेघ न ओढता हा माणूस दहा हात ओळ सरळ लिहितो, तेव्हा मला अजूनही शिडी धरून वर बघत राहावंसं वाटतं. तोंडावर मी कधी म्हटलेलं नाही.

२७ मार्च

आज धुताना नवलच झालं. यांच्या पायजम्यावर लाल डाग होता. ऑइलपेंटचा डाग म्हणजे रॉकेल आणि काथ्या घेऊन बसावं लागतं, हात सोलून निघतात. हा डाग साध्या पाण्यात चोळला आणि गेला. मी यांना म्हटलं, दुकानदार भेसळीचा लाल देऊन राह्यला तुमाले, पावसात सगळी बोंडं वाहून जातील. म्हणाले, "हो वं, फसवलंच त्यानं."

इतक्या लवकर माझं म्हणणं कबूल करणारा हा माणूस नाही. वय झालं की माणसं शहाणी होतात बहुतेक.

२ एप्रिल

हे आता स्वतःचे कपडे स्वतः धुतात. पहाटेच उठून, मी जागी व्हायच्या आत. लग्नाला एवढी वर्षं झाली आणि आता दया आली. रुपालीला फोनवर सांगितलं, नवरा असा बघ.

ऊन फार आहे. यांना उन्हाळी लागली आहे, सारखं लघवीला जावं लागतं. होळीच्या वेळची पळसाची फुलं वाळवून ठेवली होती, ती रात्रभर भिजत घालून सकाळी ते पाणी गाळून खडीसाखर टाकून दिलं. निमूटपणे प्याले.

८ एप्रिल

मोरीत लालसर दिसलं. मी हाक मारली तर आतूनच म्हणाले, "तुह्या पळसाचं पाणी हाये ते. जसं गेलं तसं निघून राह्यलं." पटलं मला. मग गुण येतोय म्हणून एकाचे दोन ग्लास केले.

१३ एप्रिल

उद्या जयंती. गेला आठवडाभर हे विहारात बसून कमानी आणि फलक रंगवत आहेत. सगळं निळं. हात निळे, कोपर निळे, जेवताना भाकरीला निळं लागतं म्हणून मी ओरडले सुद्धा.

आज गादीखाली यांचा पायजमा सापडला, लपवलेला. त्यावर लाल डाग.

आठवडाभर या माणसाने लाल डब्याचं झाकण उघडलेलं नाही. मी डाग नाकाशी नेला. रंगाला टर्पेंटाइनचा वास येतो. याला नव्हता. आणि पळसाचं पाणी तर केशरी असतं, पिवळ्याकडे झुकणारं, हे मला लहानपणापासून माहीत आहे. एवढे दिवस मी रक्त धुतलं आणि दुकानदाराला शिव्या दिल्या.

१५ एप्रिल

जयंती पार पडेपर्यंत बोलले नाही, कारण कमानी यांच्याच होत्या. आज विचारलं. आधी इकडचं तिकडचं सांगितलं, मग भडाभडा बोलले. माघापासून चालू आहे. मधेच थांबतं, पुन्हा येतं. दुखत नाही म्हणून कुणाला सांगितलं नाही.

"आणि सांगू कोणाले? तिकडची बिमारी म्हटलं की लोकं काय समजतात तुले माहीत नाई?"

पुढचं ऐकून तर मी कपाळाला हात लावला. बाजाराच्या दिवशी गुप्तरोगाच्या औषधांचा तंबू लागतो, त्याचा बोर्ड यांनीच रंगवलेला आहे. हे त्याच तंबूत जाऊन पुड्या घेऊन आले. मी म्हटलं, तुमीच लिवलं न त्यावर, हमखास गुण म्हणून? तर म्हणतात, "लिवता लिवता मलेच पटलं." रडावं की हसावं कळेना. दोन्ही केलं.

२४ एप्रिल, नागपूर

यवतमाळच्या दवाखान्याने ठेवून घेतलंच नाही, सरळ इथं पाठवलं. अठरा तारखेला लघवी बंद झाली, रक्ताच्या गुठळ्या अडकल्या, पोट फुगलं, हे भिंतीला डोकं टेकून उभे राहिले. तेव्हा कुठं लाज गेली.

इथल्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून मूत्राशयातली गाठ खरडून काढली. तरुण आहेत, नीट समजावतात. विचारलं, बिडी? हो, शाळा सोडल्यापासून. काम? रंगाचं. डॉक्टर म्हणाले, दोन्हींचा संबंध असू शकतो, बिडीचा तर नक्कीच. वॉर्डात सगळे पुरुषच आहेत आणि एकही जण दुसऱ्याला विचारत नाही की तुला काय झालं. आमच्या बाजूच्या खाटेवरचा माणूस पांढरकवड्याचा ट्रकवाला आहे, तो सगळ्यांना सांगतो की मूतखडा आहे.

९ मे

तुकड्याचा रिपोर्ट आला. कॅन्सर आहे आणि तो मूत्राशयाच्या भिंतीत आत शिरला आहे. खरडून भागणार नाही, आख्खं मूत्राशय काढावं लागेल. मग आतड्याचा छोटा तुकडा घेऊन पोटावर उजवीकडे तोंड काढतील, त्यावर पिशवी चिकटवायची, लघवी त्यात जमणार. जन्मभर. हे केलं तर वाचण्याची चांगली आशा आहे, नाही केलं तर वर्ष-दीड वर्ष.

डॉक्टरांनी खिडकीकडे बघत अजून एक सांगितलं, की नवरा-बायकोचं जे असतं ते यापुढे राहणार नाही बहुतेक. मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, आम्हाला आता जावई शोधायचा आहे. पण यांचा चेहरा मी पाहिला. मी तसं बोलायला नको होतं.

हे म्हणाले, "नाई करत." आणि उठून बाहेर गेले.

१४ मे

घरी आलो. गप्प आहेत. एकदाच बोलले. "शिडीवर माणूस चढते. कमरेले मुताचं मडकं बांधून काय चढू? वास मारन. लोकं नाकाले पदर लावतीन, आन् ते पाहाले मी जगू?"

मी म्हटलं, लोकांच्या नाकासाठी मरता का?

आजकाल आमच्या भागात घरातला माणूस गप्प झाला की बायका आधी फवारणीचं औषध लपवतात. मागच्याच महिन्यात पलीकडच्या गावात दोन घरं उघडी पडली. आमच्याकडे शेत नाही, पण टर्पेंटाइनचा डबा आहे. तो मी ट्रंकेत घालून कुलूप लावलं आणि किल्ली मंगळसूत्राच्या पोतीत ओवली. हे आंघोळीला गेले तरी मी दाराशी काहीतरी निवडत बसते. मला हा माणूस पाहिजे. पिशवीसकट पाहिजे, वासासकट पाहिजे. हे तोंडाने म्हणता येत नाही म्हणून इथं लिहिते.

२० मे

नागपूरच्या नर्सबाईंनी नमुना म्हणून एक पिशवी दिली होती. आज सकाळी मी ती पाण्याने अर्धी भरली, पोटावर उजवीकडे चिकटवली, वरून साडी नेसले. स्वयंपाक केला. नळावर गेले, दोन हंडे आणले. मशीनवर बसून दोन ब्लाउज शिवले. बाजारात गेले, भाव केला, भांडलेसुद्धा. दुपारी यांच्या बाजूला आडवी झाले.

संध्याकाळी विचारलं, आज माझ्यात काही फरक दिसला का? म्हणाले, नाही. तेव्हा पदर बाजूला करून दाखवली.

हे जवळ सरकले. मग बोटाने पिशवी दाबून पाहिली, रंगाचा डबा भरलाय की नाही बघतात तशी. म्हणाले, "दिवसभर घालून होती?"

"सकाळपासून. खाजते थोडी. बाकी काही नाई."

एवढ्याशा गोष्टीत काही विशेष नव्हतं, एक दिवस कमरेला पाणी बांधून कुणीही फिरेल. पण हे उठले, बाहेर जाऊन बिड्यांचं बंडल नालीत टाकून आले आणि म्हणाले, डॉक्टरले फोन कर. धाडस बघा. पोट फाडून घ्यायचं, आणि तेही एका संध्याकाळात ठरवायचं. मला जमलं नसतं.

१६ जून, नागपूर

ऑपरेशन झालं. सकाळी आत नेलं, दिवस कलल्यावर बाहेर आणलं. रुपालीने माझा हात सोडला नाही.

२१ जून

शुद्धीवर आल्यापासून पिशवीकडे बघत नाहीत. पिशवी बदलायची वेळ आली की पंख्याकडे बघतात. मी शिकून घेतलं. पोटावरचं ते तोंड लाल आहे, ओलं, गुलाबाच्या कळीएवढं. नर्स म्हणाली, लाल असणं चांगलं. लाल रंगाबद्दल कुणी पहिल्यांदाच चांगलं बोललं.

४ जुलै

घरी. रिपोर्ट चांगला आहे, कापलेल्या भागाच्या कडा साफ निघाल्या. दर काही महिन्यांनी तपासायला जायचं.

२ ऑक्टोबर

आज दसरा. धम्मदीक्षेला पन्नास वर्षं झाली. सगळी वस्ती नागपूरला गेली, ट्रक भरभरून. हे दरवर्षी जातात, सासऱ्यांच्या खांद्यावर बसून पहिल्या वर्षी गेले होते म्हणतात. आज गेले नाहीत. "एवढ्या गर्दीत फुटली तं?" मी म्हटलं, नाही फुटत. तर भिंतीकडे तोंड करून निजले.

मी पिशवीवर घालायला मऊ सुती खोळी शिवून दिल्या, निळ्या काठाच्या. सदऱ्याला आतून पट्टा लावला, म्हणजे पिशवी अंगासरशी राहते. काहीच दिसत नाही. तरी माणूस उंबऱ्याबाहेर जात नाही. वाचला, पण जगत नाही. आज मला पहिल्यांदा वाटलं की मी जबरदस्ती करून चुकले का.

११ नोव्हेंबर

विमलताई आल्या होत्या, ब्लाउजचं माप द्यायला. पुंडलिकरावांच्या पत्नी. गावात मोठं घर, कपाशी-तुरीची शेती. त्यांच्या दिपालीचं लग्न आहे. आमच्याकडे लग्नघराच्या भिंतीवर नवरा-नवरीची नावं आणि मोर रंगवतात. म्हणाल्या, "भिंत उकंडाभाऊनंच लिवली पाहिजे. दुसरा कोणी नाई चालत." हे आतून म्हणाले की मी काम सोडलं. विमलताई हलल्याच नाहीत.

मग माझ्याजवळ बसून कितीतरी वेळ चौकशी. सुरुवात कशी झाली, दुखत होतं का, किती दिवस लपवलं, नागपूरला कोणत्या दारातून जावं लागतं. बाईला दुसऱ्याच्या आजाराची फार हौस. पण मन चांगलं आहे, जाताना म्हणाल्या, "मी स्वतः सांगतो यायले, शिडी आमची मजबूत हाये. भाऊंनी फक्त यावं."

यांच्या वतीने मी होकार दिला. मग घरात जे भांडण झालं ते लिहीत नाही.

१८ नोव्हेंबर

आज लिहिलंच पाहिजे.

सकाळी पुंडलिकरावांच्या घरी गेलो. भिंतीला नवा चुना लावलेला. वर गणपतीपुरती जागा हे सोडून देतात, कारण बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आहेत, आणि पुंडलिकराव तिथं छापील चित्र चिकटवतात. दोघांमध्ये यावर कधी बोलणं झालेलं नाही, वर्षानुवर्षं असंच चालतं. मी शिडी धरली. हे चढले. पहिलं अक्षर वाकडं आलं, दुसऱ्यापासून ओळ लागली. मोर काढले. अंगणात पाहुणे जमले होते, बायका पापड वाळत घालत होत्या. हे हळूहळू गुणगुणायला लागले, तेव्हा मला कळलं की माणूस परत आला.

'दिपाली' लिहिताना उजवीकडे वाकले. शिडीची पायरी पोटाला टेकली असेल. माझ्या हातावर कोमट थेंब पडले. वर पाहिलं तर सदरा ओला, आणि पांढऱ्या भिंतीवरून धार खाली येत होती, नावाच्या खालून.

"काय गळून राह्यलं?" कुणीतरी विचारलं.

मी लगेच म्हटलं, "पाण्याचा डबा सांडला."

यांनी खाली पाहिलं नाही. 'ली' राहिली होती, ती सावकाश पुरी केली, वेलांटी नीट वळवली. ब्रश डब्यात ठेवला. मग शिडीवरूनच म्हणाले,

"डबा नाई. मूत हाये माहं. मले मुताच्या पिशवीचा कॅन्सर झालता. डॉक्टरनं ते काढून टाकली आन् पोटाले ही बाहेरची लावली. आज सुटली. शुभकार्याची भिंत खराब झाली, माफी करा. पण बिमारी लपवली असती तं आज ही भिंत लिवाले मी नसतो."

एका म्हाताऱ्या पाहुणीने नाकाला पदर लावला. जे पाहायला नको म्हणून हा माणूस मरायला तयार होता, ते सगळं त्याच्या समोर झालं, आणि तो शिडीवर ताठ उभा होता.

पुंडलिकराव ओट्यावरून उठले. मला वाटलं आता हाकलतील. त्यांनी विहिरीवरची बादली आणली आणि स्वतःच्या हाताने भिंत धुतली. गड्याला फक्त म्हणाले, चुना कालव. यांच्याकडे पाहत होते, सारखे पाहत होते.

घरी येऊन पिशवी बदलली. आज पंख्याकडे पाहिलं नाही, स्वतः लावली. मी यांना सांगितलं. एवढी वर्षं जे सांगितलं नव्हतं ते. की तुमच्यासारखा माणूस मी पाहिला नाही. म्हणाले, "आता सांगतं? कपडे ओले असताना?"

१९ नोव्हेंबर

पुंडलिकराव संध्याकाळी आमच्या घरी आले. आमच्या वस्तीत ते कमानीपर्यंत येतात, मतं मागायला वगैरे. उंबऱ्याच्या आत प्रथमच. मी उत्तरं तयार ठेवली होती, भिंतीचं काम परत फुकटात करून देऊ, पण माणसाला बोललात तर ऐकून घेणार नाही.

ते खाटेवर बसले. पाणी प्याले. बराच वेळ कपाशीबद्दल बोलले, पावसाबद्दल बोलले. मी चुलीशीच होते, सगळं ऐकू येत होतं.

"उकंडा, तुले सुरुवातीले दुखलं काय गा?"

"नाई भाऊ."

"मले बी दुखत नाई."

मी चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"लाल?" यांनी विचारलं.

"लाल. पोळ्यापासून. मूतखडा असन म्हणून कुळथाचा काढा घेऊन राह्यलो."

हे उठले, दार लोटलं, सदरा वर केला. "पाहून घ्या. मंग बोलू."

पुंडलिकरावांनी पाहिलं. म्हणाले, "लग्न आठवड्यावर आलं. पोरीले हसत पाठवू दे. मंग पाहू."

"नागपूर एका दिवसाचं हाये. पहाटे जाऊ, रात्री मांडवात. दुर्बीण घातली म्हणून पत्रिका थोडीच बदलते. अन् लाल झालं म्हणजे तेच असन असं बी नाई, पण पाहाले पाहिजे."

"विमलले माहीत नाई. ते खचून जाईन."

"नका सांगू. लग्नाच्या खरेदीले चाललो म्हणा. मी येतो संगं. मले बी तपासणीले जायचं हाये, चार महिन्यांपासून टाळून राह्यलो."

मी चहा घेऊन आत गेले. पुंडलिकराव डोळे पुसत होते, मी बघितलं नाही असं केलं. त्यांना शब्द दिला की विमलताईंना कळू देणार नाही. बिचारीला कशाचा पत्ता नाही, मांडवाच्या गडबडीत आहे.

२१ नोव्हेंबर, गाडीत

पहाटेच्या गाडीने निघालो. पुंडलिकराव आणि हे शेजारी शेजारी, मी मागे. दोघे जिल्ह्यातल्या सगळ्या भिंतींची उजळणी करत आहेत, कोणती कोणी लिहिली, कुठं चुकीचं स्पेलिंग आहे.

वर्ध्याच्या अलीकडे पुंडलिकरावांनी डबा उघडला. विमलताईंनी बांधून दिलेला. घरी त्यांनी एकटाच जातो असं सांगितलं होतं, आणि डब्यात तिघांना पुरतील एवढ्या पोळ्या, तीन वाट्या, यांच्या पथ्याची वेगळी मऊ खिचडीसुद्धा. विमलताईंना अंदाज म्हणून नाहीच, एका माणसाला एवढं देतात का कुणी.

पुंडलिकराव त्या तीन वाट्यांकडे बघत बसले. घास तोंडात घालून पुन्हा पुन्हा डोळे पुसत होते. मी विचारलं, तिखट झालं का? ते नुसती मान हलवत राहिले. मी चाखून पाहिलं, भाजीत तिखट टाकलेलंच नव्हतं.